बाल्यावस्थेतील लिंगभाव-जाणिवेची जडणघडण : बोदलकसा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे गाव १९१७ साली पूर्ण झालेल्या तलावामुळे परिचित आहे. नागझिऱ्याच्या जंगलानजीकचा हा परिसर धानशेतीचा असून सांस्कृतिकदृष्ट्या तो झाडीपट्टीत मोडतो. प्रशासकीयदृष्ट्या हा भाग १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्यप्रांतात होता. भाषावार प्रांतरचनेनंतर, १९५६ मध्ये, तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला आणि १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्ह्याचा भाग बनला. त्यामुळे या परिसरातील बालकांच्या घडणीचा इतिहास लिहिताना केवळ पुणे-मुंबईकडे पाहून भागत नाही. नागपूर, वर्धा आणि स्थानिक लोकजीवन यांचाही विचार करावा लागतो.

आपण मुलगा आहोत की मुलगी, ही जाणीव मुलामध्ये साधारणतः दुसऱ्या वर्षानंतर दिसू लागते व सातव्या वर्षापर्यंत बरीचशी स्थिर होते. मात्र महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा व समाजसुधारणेचा इतिहास प्रामुख्याने सहा वर्षांनंतरच्या वयाचा इतिहास आहे. ज्या वयात मुलगा व मुलगी यांच्या भूमिकांचा पहिला नकाशा मुलाच्या मनात तयार होतो, ते वय जवळजवळ शतकभर सुधारणेच्या कक्षेबाहेर राहिले. या विसंगतीचा मागोवा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी

'लिंग' ही शारीरिक बाब असून 'लिंगभाव' ही समाजाने त्या शारीरिक भेदावर उभारलेली अर्थांची, अपेक्षांची व भूमिकांची रचना होय. पाश्चात्त्य मानसशास्त्रात हा भेद विसाव्या शतकाच्या मध्यावर स्पष्ट झाला. जॉन मनी यांनी १९५५ मध्ये 'लिंगभाव-भूमिका' ही संज्ञा वापरली, तर रॉबर्ट स्टोलर यांनी १९६० च्या दशकात 'लिंगभाव-ओळख' ही संकल्पना मांडली. तत्पूर्वी १९३५ मध्ये मार्गारेट मीड यांनी न्यू गिनीतील तीन समाजांच्या अभ्यासातून पुरुषी व बायकी समजले जाणारे स्वभावविशेष सर्वत्र सारखे नसतात, असे प्रतिपादन केले होते.

लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ मध्ये या जाणिवेच्या विकासाचे टप्पे मांडले. सुमारे अडीच-तीन वर्षांचे मूल स्वतःला व इतरांना मुलगा किंवा मुलगी म्हणून ओळखू लागते. त्यानंतर, आज मुलगी असलेली व्यक्ती मोठेपणी स्त्री होईल, हे त्याला उमगते. पोशाख, केस वा काम बदलल्याने व्यक्तीचे लिंग बदलत नाही, ही समज मात्र पाच ते सात वर्षांच्या दरम्यान येते. सँड्रा बेम यांनी १९८१ मध्ये असे दाखविले की, मूल केवळ स्वतःला ओळखून थांबत नाही, तर भोवतालच्या वस्तू, रंग, खेळ व कामे यांचीही 'मुलांचे' व 'मुलींचे' अशी विभागणी मनात करते. पुढील संशोधनातून आणखी एक बाब पुढे आली. ही विभागणी पाच-सहा वर्षांच्या वयात सर्वांत ताठर असते आणि त्यानंतर ती हळूहळू सैल होऊ शकते.

या विवेचनातून इतिहासाच्या अभ्यासकासाठी एक सूत्र हाती लागते. वर्गवारी करण्याची क्षमता ही बालमनाच्या विकासाचा भाग आहे. परंतु त्या वर्गवारीत काय भरावयाचे, हे त्या-त्या काळातील समाज ठरवितो. पहिली बाब मानसशास्त्राच्या कक्षेत येते, तर दुसरीला इतिहास आहे.

भाषा : पहिली पाठशाळा

मराठी भाषक मुलाच्या बाबतीत ही वर्गवारी भाषेपासूनच सुरू होते. मराठीत तीन लिंगे आहेत. नवजात अर्भक 'ते बाळ', 'ते मूल' असे नपुंसकलिंगी असते. पुढे ते 'तो' किंवा 'ती' होते. प्रमाण मराठीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, बोलणाऱ्यास स्वतःविषयी बोलतानाही क्रियापदातून आपले लिंग सांगावे लागते. 'मी जेवतो' आणि 'मी जेवते' यांतील भेद इंग्रजी भाषक मुलाला कधीच करावा लागत नाही. मराठी मूल वाक्य जुळवू लागते त्याच वयात त्याला हा भेद पाळावा लागतो व चुकल्यास घरातील माणसे हसून दुरुस्त करतात. ही दुरुस्ती व्याकरणाची असते, तशीच ती ओळखीचीही असते.

हिब्रू, इंग्रजी व फिनिश भाषक बालकांच्या १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात, लिंगभेद ठळकपणे व्यक्त करणाऱ्या हिब्रू भाषेतील मुलांना स्वतःच्या लिंगाची जाणीव तुलनेने लवकर, तर असा भेद न करणाऱ्या फिनिश भाषेतील मुलांना उशिरा झाल्याचे आढळले. भाषा ही जाणीव निर्माण करते असे यावरून म्हणता येणार नाही. तथापि ती तिची गती वाढवू शकते, असे अनुमान काढता येते.

तरीही भाषेची ही चौकट पोलादी नाही. कोल्हापूर परिसरातील स्त्रिया 'मी येतो' असे सहजपणे म्हणतात. मराठी घरांत लाडक्या मुलीला 'अरे', 'माझा सोन्या' असे पुल्लिंगी संबोधन वापरले जाते; मुलाला मात्र लाडाने स्त्रीलिंगी हाक क्वचितच मारली जाते. पुल्लिंग हे गौरवाचे व स्त्रीलिंग हे उणेपणाचे, हा संकेत बालकापर्यंत इतक्या सौम्य मार्गाने पोहोचतो. बोदलकसा परिसरात झाडीबोली, पोवारी व गोंडी यांचाही वावर आहे. गोंडी भाषेत नामांची विभागणी मराठीहून वेगळी, म्हणजे पुरुषवाचक व पुरुषेतर अशी असते. घरी एक व शाळेत दुसरी भाषा बोलणारे येथील मूल त्यामुळे लिंगभेदाच्या दोन व्याकरणांतून प्रवास करते.

सण, खेळ व श्रम

झाडीपट्टीतील बालकाची दुसरी पाठशाळा म्हणजे सण व खेळ. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लहान मुले लाकडी नंदीबैल सजवून मिरवितात, घरोघरी नेतात व बोजारा मिळवितात. परंपरेने हा सण मुलग्यांचा. बैल, नांगर व शेताची मालकी यांच्याशी मुलग्याचे नाते या खेळातून बालवयातच जोडले जाते. त्यानंतर काही दिवसांनी, भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, मुलींची भुलाबाई बसते. भुलाबाई व भुलोबा यांच्या मातीच्या मूर्तींपुढे मुली गाणी म्हणतात व खिरापत ओळखण्याचा खेळ खेळतात. त्या गाण्यांचा विषय प्रामुख्याने सासर व माहेर हा असतो. म्हणजे ज्या मोसमात मुलगा मालकाची भूमिका खेळतो, त्याच मोसमात त्याची बहीण घर सोडून जाण्याची रंगीत तालीम करते.

समाजशास्त्रज्ञ लीला दुबे (१९२३-२०१२) यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात पितृवंशीय हिंदू समाजातील मुलींच्या घडणीचे सूक्ष्म विश्लेषण केले आहे. विधी, गाणी, म्हणी, अन्नवाटप व वावरण्याचे नियम यांतून मुलीला आपण या घरी तात्पुरत्या आहोत, हे कसे शिकविले जाते, हे त्यांनी दाखविले. गोंड स्त्रियांच्या अभ्यासातून संशोधनास आरंभ करणाऱ्या दुबे यांना आदिवासी व बिगर-आदिवासी समाजांतील फरकाची जाण होती. त्यांचे विवेचन झाडीपट्टीस जसेच्या तसे लागू करता येणार नाही; परंतु भुलाबाईचा अर्थ लावण्यास ते निश्चितच उपयुक्त ठरते.

याच्या जोडीला श्रमविभागणी आहे. धानाच्या बांधीत नांगरणी व चिखलणी पुरुष करतात, तर पऱ्हे लावण्याचे, म्हणजे रोवणीचे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. पावसाळ्यात आईसोबत शेतावर गेलेले मूल धुऱ्यावर बसून हे पाहत असते. त्याला कोणी उपदेश करीत नाही. तरी कोणाच्या हातात कासरा व कोणाच्या हातात पऱ्ह्याची जुडी, हे त्याच्या ध्यानात राहते. भातुकलीत तेच पुन्हा अवतरते.

या परिसरातील लोकरंगभूमीने मात्र वेगळाही अनुभव दिला. झाडीपट्टीच्या दंडारीत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. कोलबर्ग यांच्या टप्प्यांचा विचार केला, तर चार वर्षांच्या प्रेक्षकाला लुगडे नेसलेला ओळखीचा माणूस क्षणभर खरोखरच बाई झाल्यासारखा वाटू शकतो. सात वर्षांच्या मुलाला ते सोंग असल्याचे कळते. लिंगभाव वेषात आहे की माणसात, हा प्रश्न येथील मुलांपुढे रंगमंचाने असा ठेवला.

शाळेचा प्रवेश आणि वयाची मर्यादा

सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. त्या घटनेचे क्रांतिकारकत्व निर्विवाद आहे. मात्र ज्या समाजात ही शाळा उभी राहिली, तेथे मुलीचे बालपणच अत्यंत आखूड होते. आनंदीबाई जोशी यांचा विवाह नवव्या, तर रमाबाई रानडे यांचा अकराव्या वर्षी झाला. मुलगी शाळेत जाण्याच्या वयाची होते तोच ती पत्नी होत असे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ही वयोमर्यादा दहावरून बारा केली, तेव्हा उसळलेला वाद पाहता मुलीच्या बालपणाचा कालावधी हाच त्या काळी संघर्षाचा विषय होता, असे दिसते. विवाहाचे वय चौदापर्यंत नेणारा शारदा कायदा १९२९ मध्ये संमत झाला.

याच सुमारास विदर्भाच्या भूमीतून एक मूलगामी प्रश्न विचारला गेला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' प्रसिद्ध करून, जे दोष स्त्रीस्वभावाचे म्हणून सांगितले जातात ते पुरुषांतही नाहीत काय, असा सवाल केला. स्वभाव जन्मजात की लादलेला, या आधुनिक चर्चेचे बीज त्या ग्रंथात आढळते. परंतु शिक्षणव्यवस्थेने या प्रश्नाची दखल घेतली नाही. पुण्यात १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल सुरू झाल्यानंतर मुलींचा अभ्यासक्रम गृहकृत्यांना अनुरूप असावा, असा आग्रह 'केसरी'ने धरला. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठातही स्त्रियांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रमाची कल्पना होती. शाळेने मुलीला अक्षर दिले. 'मुलीचे शिक्षण' व 'मुलाचे शिक्षण' ही विभागणी मात्र तिने घरातून उचलून वर्गात आणली.

मध्यप्रांतात या प्रश्नाला जातीय विषमतेचीही बाजू होती. जाईबाई चौधरी यांनी १९२० च्या दशकात नागपूरमध्ये दलित मुलींसाठी शाळा काढली. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या दलित महिलांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुलांना शिकवा, त्यांच्या मनातील न्यूनगंड काढून टाका, त्यांच्या विवाहाची घाई करू नका, असे आवाहन केले. बालमनातील न्यूनत्वाची जाणीव घरातच रुजते व ती घरातच उपटून काढता येते, हा विचार येथे मातांपुढे मांडला गेला.

वर्धा योजना

बोदलकसा ज्या प्रांतात होते, त्याच प्रांतातील वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली व तीतून नई तालीमची योजना पुढे आली. डॉ. झाकिर हुसेन समितीने पहिल्या पाच इयत्तांसाठी मुलगे व मुली यांचा अभ्यासक्रम बहुतांशी समान ठेवला. चौथी-पाचवीपासून मुलींसाठी सामान्य विज्ञानात गृहशास्त्राचा समावेश करण्याची व पुढे मूलोद्योगाऐवजी ते घेण्याची मुभा दिली. लिंगभावाच्या दृष्टीने या योजनेचे महत्त्व टकळीत आहे. परंपरेने बायकांचे समजले जाणारे सूतकताईचे काम वर्गातील प्रत्येक मुलग्याच्या हाती आले. पुढे १९४५ नंतर सेवाग्राम येथे शांता नारुळकर यांनी पूर्व-बुनियादी शिक्षणाचा प्रयोग केला आणि सफाई, आरोग्य व स्वयंपाकाची छोटी कामे सात वर्षांखालील मुलामुलींच्या शिक्षणाचा भाग बनली. स्वातंत्र्यानंतर नई तालीम मागे पडली व तिच्यासोबत ही समान श्रमाची दिशाही मागे पडली.

बालवाडी ते अंगणवाडी

तीन ते सहा या वयाकडे महाराष्ट्रात शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचे श्रेय प्रामुख्याने ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांना जाते. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केल्यानंतर त्यांनी १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांच्या सहकारी होत्या. हे कार्य पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत पोहोचले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडीची कल्पना साकारली.

मॉन्टेसरी पद्धतीत जीवनव्यवहाराच्या कृतींना मध्यवर्ती स्थान आहे. झाडणे, पुसणे, पाणी ओतणे, भांडी घासणे, वाढणे ही कामे प्रत्येक मूल करते. या कृतींचा घोषित हेतू हातांचे नियंत्रण व स्वावलंबन हा होता. स्त्री-पुरुष समानतेचे भाषण त्यात नव्हते. तरीही ज्या वयात मूल 'हे काम बायकांचे' अशी नोंद मनात करीत असते, नेमक्या त्याच वयात मुलग्याच्या हाती केरसुणी देणारी ही संस्था होती. बालवाडीचे हे ऐतिहासिक योगदान अद्याप पुरेसे अधोरेखित झालेले नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढील काळात अंगणवाडी खेडोपाडी पोहोचली. तीन ते सहा वयाच्या ग्रामीण बालकासाठी राज्यसंस्थेने इतक्या व्यापक प्रमाणावर उभी केलेली ही पहिलीच व्यवस्था होय. योजनेच्या सहा सेवांत पूर्व-शालेय शिक्षणाचा समावेश होता. परंतु कुपोषणाच्या गंभीर प्रश्नामुळे प्रत्यक्षात पूरक पोषण व लसीकरण यांना अग्रक्रम मिळाला. नाव ताराबाईंच्या कल्पनेचे राहिले, मात्र जीवनव्यवहाराच्या कृती मागे पडल्या. शिवाय सेविका व मदतनीस या दोन्ही स्त्रियाच असून त्यांच्या कामाचा मोबदला 'मानधन' या नावाने दिला जातो. भरविणे, पुसणे, सांभाळणे हे बायकांनीच करावयाचे, असा धडा अंगणवाडी न शिकविताच शिकवून जाते.

पाठ्यपुस्तके

हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६४ मध्ये मुलामुलींसाठी समान अभ्यासक्रमाची शिफारस केली व कोठारी आयोगाने (१९६४-६६) तिला पाठिंबा दिला. १९६७ मध्ये 'बालभारती'ची स्थापना झाल्यानंतर राज्यातील मुलांच्या हाती समान पुस्तके आली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्त्रियांच्या सक्षमीकरणासाठी पाठ्यपुस्तकांच्या पुनर्रचनेचा पुरस्कार केला. २०१९ मध्ये 'बालभारती'च्या इयत्ता दुसरीच्या पाठ्यपुस्तकांत आई व वडील मिळून भाजी निवडताना दाखविले गेले. स्त्री डॉक्टर व स्त्री वाहतूक पोलीसही चित्रांत आल्या. हे बदल स्वागतार्ह आहेत. तथापि दुसरीतील मूल सात वर्षांचे असते. ताराबाई शिंदे यांच्या ग्रंथापासून हे चित्र छापले जाईपर्यंत १३७ वर्षे लोटली आणि ते ज्या मुलापर्यंत पोहोचले, त्याच्या वर्गवारीचा सर्वांत ताठर काळ तोवर संपत आलेला होता.

चौकटीबाहेरची मुले

संगोपनाचे महत्त्व मांडताना त्याची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. मुलाला कोणत्याही लिंगात वाढविता येते, हा जॉन मनी यांचा दावा १९९७ मध्ये खोटा ठरला. मुलगी म्हणून वाढविलेल्या कॅनडातील एका मुलग्याने ती ओळख नाकारल्याचे तेव्हा प्रकाशात आले. ओळखीचा काही अंश संगोपनाच्या पलीकडचा असतो, हे यावरून दिसते. महाराष्ट्रात लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या 'मी हिजडा, मी लक्ष्मी' (२०१२) या आत्मकथनाने, जन्मतः दिलेली ओळख व अंतरीची ओळख जुळत नसलेल्या बालपणाची व्यथा मराठी वाचकांपुढे आणली. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथीयांच्या स्व-ओळखीच्या हक्कास मान्यता दिली. अशा मुलांसाठी ताठर वर्गवारी ही अभ्यासाची बाब नसते. वर्गातील हसण्याची, मारहाणीची व शाळा सुटण्याची ती सुरुवात असते.

समारोप

२०११ च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. राज्याचे प्रमाण ९२९ होते. शून्य ते सहा वयोगटातही जिल्ह्याचे प्रमाण राज्याच्या ८९४ या सरासरीपेक्षा बरेच अधिक होते. मुलीचा जन्म नाकारण्याची प्रवृत्ती या परिसरात तुलनेने कमी आहे, ही समाधानाची बाब होय. मात्र संख्येची समानता म्हणजे भूमिकांची समानता नव्हे. जन्माला आलेल्या मुलीने स्वतःविषयी काय समजून घ्यावे, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, भाषा, सण, खेळ व श्रम यांनी तीन ते सहा वयातील मुलाला लिंगभावाचा आशय अखंडपणे पुरविला. सुधारणेच्या संस्था मात्र मूल त्या वयातून बाहेर पडल्यावर त्याच्यापर्यंत पोहोचल्या. बोर्डी, कोसबाड व सेवाग्राम येथील प्रयोग हे याला महत्त्वाचे अपवाद होत. २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ हे वय एकत्रितपणे शिक्षणाच्या कक्षेत आणले आहे. त्यामुळे या अपवादांकडे पुन्हा वळण्याची संधी निर्माण झाली आहे.

परंपरा मोडीत काढणे हा त्याचा अर्थ नाही. तान्ह्या पोळ्यात आज अनेक ठिकाणी मुलीही नंदी घेऊन सहभागी होतात व सणाचा आनंद त्यामुळे उणावत नाही. बोदलकसासारख्या गावी हा बदल मोठ्या निधीवर अवलंबून नाही. अंगणवाडीत जेवणानंतर पाट कोण उचलतो, केर कोण काढतो आणि रडणाऱ्या लहानग्याला कोण समजावतो, या साध्या कामांची पाळी मुलगा-मुलगी न पाहता लावली, तरी ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये धरलेला धागा पुन्हा हाती येईल. अध्यापक-शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांनी सेविकांच्या प्रशिक्षणात या प्रश्नास स्थान द्यावे. ज्या वयात मूल स्वतःला पहिल्यांदा ओळखते, त्या वयापर्यंत शिक्षण वेळेवर पोहोचणे, हीच या इतिहासाची शिकवण आहे.